नंबर लागल्यानंतर

जून संपत आला की पुण्याच्या गणेशखिंडीत एक प्रश्न दिवसातून शंभरदा ऐकू येतो. "लागला का नंबर?" विचारणारा बहुतेक वेळा फोनच्या पलीकडे, गावाकडे असतो, कधी बाप, कधी मामा, कधी ज्यांनी फॉर्म भरून दिला ते सर. पहिली यादी, दुसरी यादी, मग स्पॉट राउंड. नंबर लागला की पेढे निघतात, गावच्या चौकात फ्लेक्सही लागतो. आणि आठवड्याभराने तोच प्रश्न पुन्हा येतो, या वेळी थोड्या दबक्या आवाजात: "आणि होस्टेलला? तिथं लागला का?"

विद्यार्थ्यांनीच लिहिलेल्या लेखांच्या या पुस्तकाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. पहिल्यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. आरक्षण, गुणवत्ता, शुल्क, प्रवेशपरीक्षा यांवरचे वाद दर उन्हाळ्यात नव्याने उकळतात आणि गणपतीच्या आसपास निवतात. नंबर लागलेल्या मुलाचे पुढे दोन वर्षे नेमके काय होते, तो कुठे झोपतो, काय खातो, वर्गात कुठल्या बाकावर बसतो, कुठल्या भाषेत गप्प राहतो, हे मात्र कुणी फारसे विचारत नाही. मराठीत 'जागा' हा एकच शब्द दोन्हींसाठी आहे. राखीव जागा ती जागाच, आणि रात्री पथारी टाकायची तीही जागाच. सरकारी कागदांनी पहिलीचा हिशेब चोख ठेवला आहे. दुसरीचा हिशेब मुले आपापसात ठेवतात.

गणेशखिंडीचीच गोष्ट घ्या. विद्यापीठाची मनोऱ्याची देखणी मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नराच्या पावसाळी मुक्कामासाठी बांधलेली. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६० च्या दशकात तिचे काम सुरू झाले. २२ जून १८९७ च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला तो इथेच. तिथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती याच रस्त्यावर. पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ उभे राहिले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि साहेबाचे चारशे एकरांचे आवार विद्यार्थ्यांच्या हवाली झाले. एका माणसाच्या चार महिन्यांच्या मुक्कामासाठी ज्या जागेवर इतका खर्च झाला, तिथे आज मुक्कामाचाच प्रश्न सर्वांत बिकट असावा, हा योगायोग मला नेहमी टोचतो.

२०१४ साली या विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव दिले गेले. नाव मोठे आहे आणि ते पेलायला अवघडही आहे. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या बाईंनी शिकवायच्या आधी रस्ता चालून दाखवला. अंगावर शेण पडेल म्हणून पिशवीत दुसरे लुगडे ठेवले, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही पाठ आहे. शाळेत जागा असणे आणि शाळेपर्यंत धड पोचता येणे, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे त्या लुगड्याने तेव्हाच सांगितले होते.

विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सुरुवातीला बारा जिल्ह्यांचे होते. १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आले, १९९० मध्ये जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आले, आणि आता पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे तीन जिल्हे उरले. नकाशावर तीन जिल्हे म्हणजे किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात त्यात अकोले तालुक्यातले ठाकर आणि महादेव कोळी, सुरगाणा-पेठचे कोकणा, पाथर्डीची ऊसतोड कामगारांची पोरे, मालेगावच्या यंत्रमागवाल्यांच्या मुली, नाशिक रोडच्या कामगार वस्तीतले, आणि कोथरूडमध्ये तिसऱ्या पिढीपासून इंग्रजी बोलणारे, हे सगळे येतात. कार्यक्षेत्राबाहेरून बीड, लातूर, धाराशिवची मुले येतात, कारण पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही असे तिकडे ठाम मत आहे. ईशान्येकडून, काश्मिरातून येतात. अफगाणिस्तान, इराण, येमेन, सुदानहून येतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडले तेव्हा इथल्या अफगाण मुलांना एकाच रात्रीत घर, पैसा आणि व्हिसा या तिन्हींची काळजी लागली. आपला दुष्काळ आणि त्यांची लढाई एकाच मेसच्या रांगेत उभी होती.

इतकी माणसे एका आवारात आली की त्याला वैविध्य म्हणायचे आणि माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर चार रंगांचे चेहरे छापायचे, हे सोपे आहे. रेल्वे स्टेशनवरही वैविध्य असतेच. स्टेशनवर कुणी कुणाला आपल्यात घेत नाही, एवढाच फरक.

आपल्यात घेणे म्हणजे काय, याचा महाराष्ट्रात फार जुना आणि फार गंभीर विचार झालेला आहे. तो आपण विसरलो, ही माझी मुख्य तक्रार. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानातल्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या, हे सर्वांना माहीत असते. त्याच्या आधी त्यांनी वसतिगृहे काढायला घेतली होती, हा क्रम मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. आधी सर्व जातींसाठी म्हणून एक वसतिगृह काढून पाहिले गेले. 'सर्वांसाठी' या शब्दाचे जे होते तेच त्याचे झाले. ते हळूहळू एकाच जातीचे होऊन बसले. मग महाराजांनी उलटा रस्ता धरला. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, शिवाय लिंगायत, नामदेव शिंपी, दैवज्ञ... कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. आजच्या वाचकाला जातवार वसतिगृह ही कल्पना अस्वस्थ करील, करायलाही हवी. पण खेड्यातून आलेल्या पोराला शाळेचे दार उघडे असून भागत नाही, रात्री कुणाच्या तरी ओसरीवर त्याची वळकटी पडली पाहिजे आणि दोन वेळा ताट पुढे आले पाहिजे, हे त्या राजाला नेमके कळले होते.

आणि त्या जातवार व्यवस्थेला पहिला धक्का आतूनच बसला. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगमधला एक मुलगा गेला. परत आल्यावर 'विटाळ झाला, आंघोळ कर' असे त्याला सांगण्यात आले. त्याने केली नाही. बोर्डिंगमधून त्याला बाहेर पडावे लागले. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. पुढे त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याला असे बोर्डिंग उभे केले जिथे महार, मराठा, मुसलमान, जैन पोरे एकत्र राहात, आपल्याच हातांनी भाकरी थापत आणि एकाच पंगतीत जेवत. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. भाऊरावांचे 'कमवा आणि शिका' हे नाव आज विद्यापीठातल्या एका योजनेचे आहे. तिच्यातली मुले बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तासांच्या हिशेबाने काम करतात. या मुलांच्या लेखांत एक गोष्ट वारंवार येते. काम जड वाटत नाही. काम करताना वर्गातले कुणी दिसले की जड वाटते. भाऊरावांच्या बोर्डिंगात सगळेच खुरपे हातात घेत, त्यामुळे तिथे लपवण्याजोगे काही नव्हते. योजना आपण उचलली, पंगत मात्र तिथेच साताऱ्याला राहिली.

आता कागदांविषयी. या पुस्तकात कागदांवर इतके लेख आले की संपादकांना त्यांतले निम्मे बाजूला ठेवावे लागले. मुलांची भाषा ऐका: "व्हॅलिडिटी आली का?" "क्रिमिलेअर काढलं?" "महाडीबीटीला रिडीम झालं का?" जातपडताळणी, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला आणि शिष्यवृत्तीचे पैसे, यांची ही भाषा. राज्यात राखीव जागांची विभागणी अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७, विमुक्त-भटक्यांच्या चार गटांना मिळून ११, इतर मागासवर्गाला १९, अशी पुढे जाते. त्या जागेवर बसायचे तर जातीचा दाखला आणि तो पडताळल्याचे प्रमाणपत्र लागते. पडताळणीत 'मानीव दिनांक' नावाची चीज असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी आपले घराणे महाराष्ट्रात अमुक ठिकाणी राहत होते, हे पुराव्याने दाखवायचे.

शांतपणे विचार केला की यातला विनोद कळतो. ज्यांना भटके म्हणून सवलत द्यायची, त्यांनाच विचारायचे की १९६१ साली तुमचे आजोबा कुठल्या गावचे कायमचे रहिवासी होते? ज्यांच्या पूर्वजांना १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि १९५२ पर्यंत त्या शिक्क्यातून सोडले नाही, त्यांच्या नावाचा एकमेव जुना सरकारी कागद पुष्कळदा पोलिसांच्या दप्तरात सापडतो. एका मुलाने लिहिले आहे की त्याच्या आजोबांच्या शाळेचा दाखला नव्हताच, कारण आजोबा शाळेत गेलेच नव्हते. आणि त्यामुळेच तर नातवाला सवलत हवी होती. खोट्या दाखल्यांवर जागा लाटणारे असतात, पडताळणी हवी, हे मला मान्य आहे. पण लाटणाऱ्याकडे वकील असतो, कागद पैदा करण्याचा हुन्नर असतो. खिडकीपाशी अडकतो तो खरा.

मी स्वतः एका कार्यालयाच्या खिडकीपुढे कधीकाळी चार दिवस उभा राहिलो आहे. चौथ्या दिवशी आतल्या गृहस्थांनी वर न पाहता "उद्या या" म्हटले, तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. काहीच नव्हते. तो आवाज मला अजून ऐकू येतो. भेदभाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिवी येते; 'उद्या या' येत नाही.

होस्टेलला नंबर लागला नाही की दोन वाटा उरतात. एक, ज्याला लागला त्याच्या खोलीत चोरून राहणे. अशा पाहुण्याला पुण्याच्या वसतिगृहांत 'पॅरासाइट' म्हणतात. म्हणणारा आणि म्हणवून घेणारा, दोघेही हसत म्हणतात, कारण पुढच्या वर्षी जागांची अदलाबदल होऊ शकते. दोघांच्या खोलीत पाच जण, दोन पलंगांखाली तीन सतरंज्या, रेक्टरांची फेरी आली की गच्चीवर. मी या शब्दाच्या बाजूने नाही. तरी विद्यापीठात सर्वांना सामावून घेण्याचे जे काही काम खरोखर चालते, त्यातला मोठा वाटा या बेकायदा सतरंज्यांनी उचलला आहे, हे नमूद करायला हवे. भटक्या जमातीचा पोरगा आणि सहकारी कारखान्याच्या संचालकाचा पुतण्या एकाच कुलपाची किल्ली वापरतात, असे दुसरे ठिकाण मला शहरात ठाऊक नाही.

दुसरी वाट 'कॉट बेसिस'. खोली नाही, खोलीतला एक पलंग भाड्याने. त्यासाठी घरमालकाला भेटावे लागते, आणि इथे महाराष्ट्राचा जुना प्रश्न येतो: "पूर्ण नाव काय?" पहिले नाव सांगितले की पुढचा प्रश्न "आडनाव?" आडनाव गावावरून पडलेले, कळण्यासारखे नसले की "मूळ गाव कुठलं? गावात कुठं?" तीन प्रश्नांत जात निघते. जात कुणी विचारत नाही. मुसलमान मुलाचे काम पहिल्याच प्रश्नात उरकते; आफ्रिकेतून आलेल्याला तर प्रश्नापर्यंतही जावे लागत नाही. दारावर 'फक्त शाकाहारींसाठी' अशी पाटी असली की सगळेच शिष्टपणे पार पडते. एका मुलीने तिला सुचलेली युक्ती लिहिली आहे. ती फोनवर नाव सांगताना वडिलांचे नाव आडनावासारखे लावायची. अकरा महिन्यांचा करार करताना आधार कार्ड दाखवावे लागले, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का?" मुलगी लिहिते की तिला अजून कळलेले नाही, आधी काय सांगायचे होते.

शासनाला हे माहीत नाही असे नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आहे. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरवलेले आहेत. म्हणजे महिन्याला पाच हजारांत पलंग, डबा, बस आणि झेरॉक्स. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले, हा चांगला निर्णय आहे आणि त्याने खरोखर मुली आल्या आहेत. पण शुल्क ही फी-पावतीवरची रक्कम. एसटीचे तिकीट, मेसचे आगाऊ पैसे, खोलीचे डिपॉझिट हे कुठल्याच पावतीवर नसते, आणि बाप मुलीला पाठवताना हिशेब करतो तो याच आकड्यांचा.

वर्गातली भाषा हा या पुस्तकातला मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग वाटतो. कला शाखेत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, ही मोठी सोय आहे. वाचायची पुस्तके मात्र इंग्रजीत. मधल्या खिंडीत गाईडे आणि नोट्स. तीन वर्षे गाईडावर काढलेला मुलगा एम.ए.ला विद्यापीठात येतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात चर्चासत्रात कुणीतरी तीन परदेशी विचारवंतांची नावे घेते आणि हा वहीत ती नावे देवनागरीत, कानाला आली तशी, उतरवून ठेवतो. रात्री शोधायला बसतो तर स्पेलिंग जुळत नाही. विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी या प्रश्नाला थेट हात घातला. २०१० सालच्या एका निबंधात फुले-आंबेडकरी दृष्टीने शिकवणे म्हणजे काय याची मांडणी करताना त्यांनी शीर्षकातच फुल्यांचे 'तृतीय रत्न' घेतले. १८५५ सालचे ते नाटक शिकण्याने डोळे उघडण्याविषयीचे आहे. रेगे २०१३ मध्ये अकाली गेल्या. त्यांच्या वर्गात बसलेल्यांपैकी काही जण आज तालुक्याच्या महाविद्यालयांत शिकवतात, आणि मराठी व इंग्रजी दोन्ही फळ्यावर लिहितात. याची नोंद कुठल्याही मूल्यांकनाच्या तक्त्यात होत नाही.

अपंग विद्यार्थ्यांवरचा भाग छोटा आहे, आणि ती या पुस्तकाची उणीव आहे. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या; परीक्षेत दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. पण लेखनिक शोधून आणायचा कुणी, हा प्रश्न परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर फिरत असतो. एका अंध मुलाचा अडीच पानांचा लेख आहे. त्याने त्यात फक्त आपल्या लेखनिकांची नावे आणि त्यांच्या अक्षरांविषयी इतरांनी केलेली वर्णने दिली आहेत.

"हे सगळे ठीक, पण गुणवत्तेचे काय?" असे विचारणारे वाचक असतील. त्यांच्याशी वाद घालायला ही जागा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की पाच जणांच्या खोलीत पलंगाखाली झोपून, डब्याची एक वेळ चुकवून, परक्या भाषेतले पुस्तक समोर धरून ज्याने पंचावन्न टक्के मिळवले, त्याचे पंचावन्न आणि माझे पंचावन्न एकाच तागडीत घालायला माझा हात धजत नाही. मी घरी राहून शिकलो. आई रात्री दूध आणून ठेवी.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते, त्यांत २ कोटी ७ लाख मुली. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणालाही हा आकडा स्वप्नवत वाटला असता. म्हणून या पुस्तकातला सूर रडका नाही. उलट काही लेख इतके खोडकर आहेत की विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी ते वाचून हसावे की रागवावे, हे त्यांनाच ठरवू द्या. रिफेक्टरीतल्या डाळीच्या पातळपणावर एका इराणी विद्यार्थ्याने मराठीत लिहिलेले टिपण मी दोनदा वाचले. 'पाणीपुरवठा' हा शब्द त्याने जिथे वापरला आहे, तिथे तो आमच्यापैकी कुणाला सुचला नसता.

शेवटी एका छोट्या गोष्टीचा खुलासा. लेख निवडून झाल्यावर लेखकांची आडनावे छापायची की नाही, यावर संपादकांची तीन बैठकांत चर्चा झाली. आडनाव गाळले तर लपवल्यासारखे होते, दिले तर वाचक लेखाआधी आडनाव वाचतो. तोडगा निघाला नाही, म्हणून प्रत्येकाला विचारले. काहींनी पूर्ण नाव द्या म्हणून आग्रह धरला. काहींनी आईचे नाव मधे घातले. काहींनी नुसते पहिले नाव ठेवले, आणि एकाने नावाऐवजी वसतिगृहाच्या खोलीचा क्रमांक द्या म्हटले. ती खोली त्याच्या नावावर कधीच नव्हती. अनुक्रमणिका पहिल्या नावाच्या अकारविल्हेने लावली आहे. तो क्रमांक कुठे बसवायचा हे न कळल्यामुळे तो सर्वांत वर आला आहे.